गच्चीचे पाणी थेट बोअरमध्ये : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने एक मजकूर मला पुढे पाठवला आणि खाली एवढेच विचारले, ‘मावशी, बाबांनी हा सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय. यातलं खरं किती?’ ती पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून नगरपालिकेच्या भरतीची तयारी करते आहे, आणि मी नाशिक जिल्ह्यात आधी पाणलोटाच्या व नंतर झाडांच्या आणि नाल्यांच्या कामात २२ वर्षे काढली आहेत, तेव्हा प्रश्न माझ्याकडे येणे साहजिकच होते. हाच मजकूर याआधी तीनचार जणांनी मला पाठवला होता आणि मी तो पुरता न वाचताच पुसून टाकला होता. या वेळी मात्र भावोजींच्या सोसायटीने त्यातला एक सल्ला, गच्चीचे पाणी सरळ बोअरमध्ये सोडण्याचा, अमलातही आणला आहे, म्हणून लिहिणे भाग पडले.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे. झाडे, पाणी आणि नाले यांसाठी महापालिका, नगरपालिका व ग्रामपंचायतींनी माणसे पोसणे हा करदात्यांच्या पैशाचा अपव्यय आहे. कारण पहिले, हे काम स्थानिक संस्थांचे नाहीच. दुसरे, ही माणसे जूनमध्ये झाडे लावून अकरा महिने बसून असतात. तिसरे, पावसाच्या पाण्यासाठी त्यांनी सांगितलेली गाळणी हे ठेकेदारांचे पोट भरण्याचे साधन असून गच्चीचे पाणी पाइपाने सरळ बोअरमध्ये सोडले की ‘जमीन ते आपोआप गाळते आणि शंभर फुटांखालच्या उष्णतेने जंतू मरतात’. चौथे, नाल्याचा तळ काँक्रीटचा केला की पूर येत नाही. आणि पाचवे, लावलेली झाडे जगतच नाहीत.

तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे मुद्दे वाचून फार तर गैरसमज होईल, हा वाचून माणसे आजारी पडतील. जमीन पाणी गाळते हे खरे, परंतु गाळते ती माती आणि वाळू, आणि बोअर म्हणजे नेमका तोच थर चुकवून खडकात पाडलेले भोक. वरच्या माती-मुरमाच्या थरात आपण केसिंग पाइप बसवतो तो वरची माती ढासळू नये आणि वरचे घाण पाणी आत शिरू नये म्हणून. त्याच पाइपाच्या तोंडात गच्चीची पन्हाळ आणून सोडायची, म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लावून मागचे दार सताड उघडे ठेवण्यासारखे आहे. नाशिक बेसाल्टवर वसलेले आहे. लाव्हाच्या एकावर एक थरांनी बनलेल्या या खडकात पाणी साठते ते झिजलेल्या भागात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. भेगेतून वाहणारे पाणी वाळूतल्या पाण्यासारखे गाळले जात नाही. ते जसे शिरले तसेच शेजारच्या इमारतीच्या बोअरपर्यंत जाऊ शकते. म्हणजे ज्यांनी हा उद्योग केला नाही त्यांच्याही नळाला तो पोहोचतो.

उष्णतेविषयी काय बोलावे? शंभर फुटांवर जमिनीचे तापमान वर्षभर साधारण त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीइतके राहते, म्हणजे आपल्याकडे २५ अंशांच्या आसपास. एवढ्या उबेत दुधाचे विरजण लागते, जंतू मरत नाहीत. गच्चीवर कबुतरांची विष्ठा, धूळ, कुजका पाला आणि मेलेली पाखरेही असतात, आणि पहिल्या दोनतीन पावसांत ते सगळे धुऊन निघते. केंद्रीय भूजल मंडळाची कृत्रिम पुनर्भरणावरील, म्हणजे पावसाचे पाणी मुद्दाम जमिनीत मुरवण्यावरील, २००७ ची पुस्तिका याच कारणासाठी पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडून द्यायला आणि उरलेले पाणी गाळविरहित करूनच आत सोडायला सांगते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात विष्ठेतून येणारा ई-कोलाय जंतू एकही आढळता कामा नये. विष्ठा मिसळलेल्या पाण्याकडून ही अपेक्षा कशी ठेवणार? शिवाय गढूळ पाण्यातला गाळ भेगांत जाऊन बसतो आणि बोअरचे पाणीच कमी होते, म्हणजे ज्या लोभाने हे केले तोही साधत नाही. गाळणी म्हणजे खडी, बारीक खडी आणि वाळू यांचे थर घातलेली एक टाकी. ती कोणत्याही गवंड्याला बांधता येते, तिच्यासाठी बड्या ठेकेदाराची गरज नाही.

पुनर्भरणाची कल्पना मात्र चांगली आहे, हे कबूल करायला हवे. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०,००० लिटर पाणी पडते, आणि ते गटारात जाऊ देणे खरोखर शहाणपणाचे नाही. त्याच मजकुरात जाता जाता ‘जितके खोल तितके पाणी’ असेही म्हटले आहे. बेसाल्टमध्ये खोल जावे तसतशा भेगा बहुधा मिटत जातात, आणि राज्याच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपलीकडच्या विहिरीला खोल विहीर मानून तिच्यावर निर्बंध घातले आहेत ते काही उगाच नाही.

काँक्रीटच्या नाल्याचे गणित तर नाशिककरांनीच मांडू नये, कारण गोदावरीचे पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, हे पाहून पुराचा अंदाज करणारे आपण लोक आहोत. गुळगुळीत तळावरून पाणी वेगाने जाते, आणि त्यामुळे त्या एका गल्लीतले पाणी लवकर ओसरते, एवढे खरे. परंतु ते नाहीसे होत नाही. नासर्डी, वाघाडी या उपनद्या आणि शहरातले सगळे नाले तेच पाणी आधीपेक्षा कमी वेळात गोदावरीत आणून टाकतात आणि खालच्या अंगाला राहणाऱ्यांच्या दारात पूर वाढतो. वर, उन्हाळ्यात नदीला जिवंत ठेवणारे झरे तळाखाली गाडले जातात ते वेगळेच. निळी पूररेषा २५ वर्षांतून आणि लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. तळाला काँक्रीट ओतून त्या रेषा मागे हटत नाहीत.

हे काम स्थानिक संस्थांचे नाही, या मुद्द्याला फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे पाणलोट विकास आणि सामाजिक वनीकरण, तर बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे नागरी वनीकरण आणि पर्यावरणाचे रक्षण हे विषय स्पष्ट लिहिलेले आहेत.

अकरा महिने बसून असण्याविषयी एवढेच सांगते, की मे महिन्यात धोकादायक फांद्या, जुलैत रात्री पडलेली झाडे, पावसाळा सरल्यावर विहिरींच्या पातळ्या, हिवाळ्यात नदीतल्या पाणवेली आणि वर्षभर झाड तोडण्याचे अर्ज, स्थळपाहणी व हरकती, यांतून बसायला मिळाले असते तर माझ्या गुडघ्यांची ही अवस्था झाली नसती.

राहिला पाचवा मुद्दा, आणि तो मला पुरता खोडता येत नाही. त्याच खड्ड्यात दरवर्षी नवे रोप लावून फोटो काढलेले मी स्वतः पाहिले आहे. मात्र रोपे मरतात ती बहुधा पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी घालायला माणूस नसतो म्हणून. माणसे नाहीत म्हणून झाडे मरतात, आणि झाडे मरतात म्हणून माणसे काढून टाका, असा हा उफराटा न्याय आहे.

भावोजींना मी फोनवर सांगितले ते इथेही लिहून ठेवते. बोअरला जोडलेली पन्हाळ आजच सोडवून केसिंगचे तोंड झाकून घ्यावे, बोअरचे क्लोरिनने निर्जंतुकीकरण करून काही दिवसांनी पाण्याचा नमुना जैविक तपासणीसाठी सरकारमान्य प्रयोगशाळेत द्यावा, आणि अहवाल येईपर्यंत ते पाणी पिण्यासाठी तर नाहीच, भाजी धुण्यासाठीसुद्धा वापरू नये.