अटी-शर्ती : निरंक

सकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरावाचा फोटो पडला. चहा तसाच थंड झाला माझा. रेल्वेच्या पुलाच्या कामाकरिता गावातला मोठा रस्ता, नदीकडची पांदण आणि घाट वापरण्यास पंचायतीची ना हरकत. मुदत, काम पूर्ण होईपर्यंत. सर्वानुमते मंजूर. आणि सगळ्यात खाली एक ओळ, अटी-शर्ती : निरंक.

निरंक! अरे, बाजारात बकरी विकताना आपण दोन तास घासाघीस करतो. इथं वर्धा नदीचा काठ दिला अन् निरंक?

घाट म्हटलं की आताच्या पोरांना रेतीचा घाटच आठवतो. लिलाव, पोकलेन, रात्रीचे हायवा. मी म्हणतो तो घाट वेगळा. दगडी पायऱ्या, त्यातल्या चार तुटलेल्या, वर पिंपळ. गावातला प्रत्येक माणूस तिथे एकदा तरी बुडता बुडता वाचलेला आहे.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. पोळ्याची सकाळ. आमच्याकडे जोडी नव्हती, एकच बैल होता. दुसरा दरवर्षी कोणाचा तरी मागून आणायचो. बाबा बैल धूत होते आणि मी कासरा धरून गुडघाभर पाण्यात उभा. तेवढ्यात वाड्यावरचा गडी सहा जोड्या घेऊन उतरला. मालगुजारी, म्हणजे वाड्याची गावावरची जमीनदारी, १९५१ सालीच गेली होती, पण वाड्याचा दरारा काही कायद्यानं जात नाही. गडी म्हणाला, "बाजूले सर गा, वाड्याचे बैल आले." बाबांनी मान वर केली नाही. गवताच्या बोळ्यानं बैलाचा खांदा घासत म्हणाले, "नदी वाड्याची नाही अन् माहीबी नाही. थांब जरासा."

थांबला तो. वाड्याचे बारा बैल आमच्या एका बैलासाठी थांबले.

हे मी कितीदा सांगितलंय तुम्हाला. पुन्हा सांगतो, कारण आज ज्यांनी हात वर केले त्यांतले निम्मे त्याच घाटावर पोहायला शिकले आहेत.

रेल्वे नको म्हणायला मी काही वेडा नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा-कळंब गाडी सुरू झाली तेव्हा काम नसताना हौसेनं बसून आलो. तिकडे शकुंतलेचे, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या जुन्या छोट्या गाडीचे, रूळ गवतात पडलेत याचं मला वाईटच वाटतं. पण तीही काय आपल्यासाठी टाकली होती का? विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस पाहिजे होता म्हणून टाकली. मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं बिचारं. गावांनी जमीन दिली, कापूस दिला, अन् शेवटी गाडीही गेली.

पोरीकडे शिकागोला दोन महिने होतो तेव्हाची गोष्ट. तिथं समुद्रासारखं तळं आहे, लेक मिशिगन. सकाळी काठाकडे फिरायला निघालो तर मधे रूळच रूळ. पूल चढून पलीकडे जायचं. शहर अन् पाणी यांच्यामधे रेल्वे बसली कशी? तीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात घासलेला माणूस, खोदत बसलो. १८५२ साली लाटा काठ खात होत्या आणि शहराकडे धक्का बांधायला दमडी नव्हती. इलिनॉय सेंट्रल रेल्वेला शहरात शिरायला वाट हवी होती. शहरानं काठालगतची तीनशे फूट रुंद पट्टी दिली आणि बदल्यात लिहून घेतलं, की लाटा अडवणारी भिंत कंपनी स्वखर्चानं बांधेल आणि सांभाळेल. रूळ चक्क पाण्यात, लाकडी खांबांवर उभे राहिले. मला तो सौदा पटत नाही. पण निदान सौदा तरी होता! आमचं निरंक.

आणि एकदा बोट धरू दिलं की मनगट जातंच. १८६९ साली तिथल्या विधिमंडळानं राज्यपालांचा विरोध डावलून हजार एकरांवर तळ्याचा तळच कंपनीच्या नावे करून टाकला. लोक खवळले. १८७३ मधे तो कायदा मागे घ्यावा लागला. भांडण त्यांच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८९२ ला चार विरुद्ध तीन असा निकाल लागला : पाण्याखालची ती जमीन सरकारकडे असते ती लोकांची विश्वस्त म्हणून, विश्वस्ताला ती अशी उडवून टाकता येत नाही. मित्रांनो, हाच निकाल आपल्या सुप्रीम कोर्टानं १९९६ च्या डिसेंबरात बियास नदीकाठच्या हॉटेलच्या खटल्यात हाती धरला. म्हणजे आपलाही कायदा तोच आहे.

आमच्या बाबांनी ना शिकागो पाहिलं ना कोर्ट. सातवी नापास माणूस. पाण्यात उभं राहून हेच बोलला.

हां, शिकागोवाल्यांनी १८५२ मधे दिलेली वाट कोर्टानंही काढून घेतली नाही, ते रूळ आजही तिथेच आहेत. आणि आपली ना हरकत म्हणजे विक्री नाही, हेही मान्य. पण "काम पूर्ण होईपर्यंत" म्हणजे किती पोळे? आपल्याकडचं कोणतं काम पूर्ण झालेलं पाहिलंय तुम्ही?

मासिक सभेत दहा मिनिटांत उरकलं म्हणे. ग्रामसभा नाही, दवंडी नाही. गुरांना पाण्यावर न्यायचा रस्ता, पाणी पाजायची जागा हे असलं सगळं आपल्याकडे निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांच्या सरकारी नोंदीत, लिहिलेलं असतं. ते पत्रक यांनी उघडून तरी पाहिलं का? मालगुजारानंसुद्धा घाटाला कधी कुलूप लावलं नाही हो.

हे टाइप करत होतो तर धाकट्याचा फोन. सांगून टाकतो, लपवण्यात अर्थ नाही, तो पंचायतीत सदस्य आहे. हात त्यानंही वर केला.

"भाऊ, तू तं उगाच तापून राह्यला. रोड सिमेंटचा करून देतो म्हणते ते."

"लिहून देल्लं का?"

गप्प.

"पांदणीत बाया रोवणीच्या दिवसात गुडघ्यापर्यंत फसतात, माहीत आहे ना तुले? तू राहतो तालुक्याले," म्हणाला तो. खरं आहे. मागच्या पावसाळ्यात त्याच पांदणीत बाळंतीण बंडीवर टाकून न्यावी लागली, हाही त्या वेळी बंडीमागे चालत होता. यावर माझ्याकडे उत्तर नाही. राग थोडा उतरला माझा. मग रस्ता मागा ना, पण कागदावर मागा! घाटाची एक बाजू बैलांसाठी मोकळी, पिंपळाला हात लावायचा नाही, तुटलेल्या पायऱ्या बांधून द्यायच्या. तीन ओळी. निरंकच्या जागी तीन ओळी लिहायला कोणाचं काय जात होतं?

पोळ्याची गोष्ट आज धाकट्यालाही ऐकवली. तो म्हणाला, तू नेहमी अर्धीच सांगतो. बैल धुऊन झाल्यावर बाबांनीच वाड्याचा पहिला बैल पाण्यात घेतला अन् त्या गड्यासोबत धुऊ लागले. मी विसरलो होतो. त्याला कसं माहीत, तो तर तेव्हा कडेवर होता. म्हणाला, मायनं सांगितलं.

उद्या तहसीलला निस्तार पत्रकाच्या नकलेचा अर्ज टाकतो. कोणाच्या घरी जुनी प्रत असेल तर फोटो पाठवा, कोपरा फाटका असला तरी चालेल. धाकट्याला म्हटलं, तूही ये, गाडी तूच चालव. येतो म्हणाला. मग फोन ठेवता ठेवता विचारलं त्यानं, "त्या बैलाचं नाव काय होतं गा?"

पवळ्या.