खेळाडूंपासून मैदान वाचवायचं कसं

अभिनंदन! क्रीडा संकुलाच्या समितीवर तुमची वर्णी लागली, वरून एका जिल्हा संघटनेचं अध्यक्षपदही पदरात पडलं. आता एवढंच ध्यानात ठेवा, की मैदान खराब होतं ते खेळल्यानं. बाकी कशानं झालं तर त्याला कार्यक्रम म्हणतात.

सुरुवात ट्रॅकपासून करा. 400 मीटर, आठ लेन, प्रत्येक लेन 1.22 मीटर रुंद, खाली डांबर आणि वर साधारण 13 मिलिमीटरचा पॉलियुरेथेनचा लाल थर. फार नाजूक वस्तू. म्हणून पोरांचे स्पाइक्स तपासायला गेटवर माणूस बसवा. नियम स्पष्ट आहे: खिळा 9 मिलिमीटरपेक्षा लांब नको, उंच उडी आणि भालाफेकीला फार तर 12. साडेनऊ भरला की पोराला घरी पाठवा. त्याच्या मागून मंडपवाल्याचा टेम्पो येत असेल, त्याला मात्र अडवू नका. त्याच्याजवळची सब्बल चांगली हातभर असते, आणि तिच्याबद्दल नियमावलीत एक अक्षर नाही.

मंडपाचा खुंटा ठोकायला पहिल्या लेनसारखी जागा नाही. ट्रॅकला आतल्या बाजूनं शंभराला एक असा उतार असतो, म्हणजे पावसाचं सगळं पाणी तिकडेच वाहत येतं. ते भोकातून खाली डांबरात उतरतं. मे महिन्यात नागपूरचा पारा 45च्या वर गेला, की त्याची वाफ होते आणि लाल थर पुरीसारखा टम्म फुगतो. आता खरं तर तो फुगा चौकोनी कापून काढावा, तळ पूर्ण सुकू द्यावा, मग त्याच प्रतीचं रसायन ओतून शेजारच्या थराशी सपाट करावं. दुरुस्ती छोटी असते. म्हणूनच ती करू नका. छोट्या दुरुस्तीचं भूमिपूजन होत नाही. पाटीभर सिमेंट आणून भोक बुजवा. सिमेंटच्या कडेनं उरलेला थर सुटत जातो, दोन-तीन पावसाळ्यांत लेनच उठते, आणि मग ‘ट्रॅक कालबाह्य झाला आहे’ असा प्रस्ताव पाठवता येतो. नव्या ट्रॅकला निधी असतो, फीत असते, कोनशिला असते. देखभालीला काय असतं? ‘संकुलाने स्वतःच्या उत्पन्नातून भागवावे’ असा शेरा. उत्पन्न कशातून, तर मंडपातून. पाहा, चक्र कसं पूर्ण झालं!

बुकिंगचं वेळापत्रकही विचारपूर्वक लावा. नागपुरात धड धावता येईल असे महिने म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमके तेच प्रदर्शनं, महोत्सव आणि लग्नांना द्या, सरावाला एप्रिल-मे मोकळे ठेवा. परंपरा आपल्या बाजूनं आहे. 1953च्या नागपूर करारानं शहराला विधिमंडळाचं अधिवेशन मिळालं आणि अधिवेशनामुळे यशवंत स्टेडियमला मोर्चे. बाहेरगावच्या माणसाला हे स्टेडियम माहीत असतं ते मोर्चा जिथून निघतो ती जागा म्हणून. चालणं हाही व्यायामच की.

बॅडमिंटन हॉलचं सोपं आहे. लाकडी फ्लोअरिंग टाकलं, की उन्हाळ्यात भिंतीला चार मोठे कूलर लावा. हवेच्या झोतानं शटल सरळ पडत नाही, आणि ओल धरून फळ्या फुगतात. दिवे बरोबर कोर्टाच्या डोक्यावर घ्या, म्हणजे स्मॅशसाठी वर पाहणाऱ्याला शटल सोडून सगळं दिसेल. बाजूनं दिवे लावणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला बदला.

आता संघटना. सोसायटी नोंदवायला सात माणसं पुरतात. घरात तेवढी नसतील तर साळ्याला घ्या. निवडणूक हरलात तरी घाबरायचं कारण नाही. हॉटेलात वेगळी सभा घ्या, स्वतःला निवडून आणा आणि 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याचा अर्ज, टाका. समोरचा गटही टाकेल. दोन्ही रिपोर्ट प्रलंबित, दोन्ही गट अधिकृत, जिल्हा अजिंक्यपद दोन. सर्टिफिकेटंही दुप्पट निघतात, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण असल्यानं त्या कागदाला भाव आहे. पडताळणीत कोणत्या गटाचा शिक्का चालतो हे पोराला भरतीच्या वेळी कळतं. तोवर त्याचं खेळायचं वय गेलेलं असतं. तुमचं जात नाही. 2011च्या क्रीडा संहितेत पदाधिकाऱ्यांना सत्तरीची अट होती, 2025च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं तर 70 ते 75 वाल्यांसाठीही काही अटींवर दार किलकिलं केलंय. कार्यकारिणीत नामवंत खेळाडू घ्या असंही तो कायदा म्हणतो. घ्या, पण फोटोत कडेला उभे करा.

वाईट उदाहरणांपासून दूर राहा. विदर्भ क्रिकेट संघटनेनं नागपुरातलं सिव्हिल लाइन्सचं मैदान हाती असताना शहराबाहेर जामठ्याला आणखी एक बांधलं, आणि त्याचा परिणाम पाहा: 2017-18, 2018-19, 2024-25, तीन-तीन रणजी करंडक. मैदानावर खेळू दिलं की असं होतं. त्यापेक्षा दिव्या देशमुखनं 2025चा महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तो खेळ बरा. ट्रॅक नको, टर्फ नको, टेबल पुरतं. तिरंदाज ओजस देवतळे 2023मध्ये जगज्जेता झाला तेव्हा फ्लेक्सवर ‘नागपूरचा सुपुत्र’ एवढंच लिहिणं शहाणपणाचं होतं. सराव साताऱ्यात केला, हे लिहायला फ्लेक्सवर जागा कुठे असते? तुमचाच फोटो तेवढा मोठा.

राहता राहिला स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळ्यांवरून धावायच्या शर्यतीचा, पाण्याचा खड्डा. 3.66 मीटर लांब, अडथळ्यापाशी खोल आणि पुढे उथळ होत जाणारा. धावपटूसाठी तो भरून ठेवणं म्हणजे निव्वळ नासाडी. कॅटररला द्या. खोल बाजूला कढया भिजतात, उतारावर ताटं विसळून होतात, आणि नळाची चावी त्याच्याचकडे असली म्हणजे सकाळी पाच वाजता सरावाला आलेली पोरं तुम्हाला उठवत नाहीत.