पेपर कोण काढतो?

पदवी तीन वर्षांची असावी की चार, मेजर-मायनरच्या घोळात मुलांनी नेमकं काय निवडायचं, मराठीतून इंजिनीअरिंग केलेल्याला नोकरी कोण देणार? २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून महाराष्ट्रात हे वाद काही थांबलेले नाहीत. आमच्या घरच्या ग्रुपवर तर ते दर आठवड्याला नव्याने पेटतात. मग कुणीतरी मला मध्ये ओढतं : "तुझं बरं आहे बाबा, तिकडे समजून शिकवतात. आपल्याकडे नुसती घोकंपट्टी."

मी जर्मनीत एका विद्यापीठात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे संख्याशास्त्राचे सराव-तास घेतो. समोर जीवशास्त्राची मुलं असतात, मानसशास्त्राची असतात, अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाचीही असतात. घोकंपट्टी इथे नसते असं मी तरी म्हणणार नाही. इथल्या विद्यार्थी संघटना जुन्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं जपून ठेवतात आणि परीक्षा जवळ आली की त्यांच्यावर उड्या पडतात. आपल्याकडे ज्याला आयएमपी म्हणतात, त्याची विचारणा इथेही शेवटच्या तासाला होतेच.

एक जुनं गणित सांगतो. एक आजार हजारात एकाला असतो. त्याची चाचणी निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोकांना चुकून आजारी ठरवते. आता एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला तो आजार खरंच असण्याची शक्यता किती? हा प्रश्न हार्वर्डच्या वैद्यकीय वर्तुळातल्या ६० जणांना विचारला गेला होता आणि त्याची हकीकत १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात विद्यार्थी होते, निवासी डॉक्टर होते, वरिष्ठही होते. सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर होतं ९५ टक्के. बरोबर उत्तर देणारे निघाले फक्त ११. सूत्र बाजूला ठेवा आणि हजार माणसं डोळ्यांसमोर आणा. त्यात आजारी एक, तो पॉझिटिव्ह येणार असं धरू. उरलेल्या ९९९ निरोगी लोकांचे ५ टक्के, म्हणजे जवळपास ५० जण, उगाचच पॉझिटिव्ह. एकूण ५१ जणांत खरा आजारी एक. शक्यता साधारण २ टक्के.

माझी भाची नर्सिंगला आहे. सेन्सिटिव्हिटी (चाचणी आजारी माणसांपैकी किती जणांना पकडते) आणि स्पेसिफिसिटी (निरोगी माणसांपैकी किती जणांना निरोगी ठरवते) यांच्या व्याख्या तिला तोंडपाठ आहेत, सूत्रासकट. हे गणित घातलं तर ती म्हणाली, "मामा, ९५." माझ्या वर्गातही बहुतेक हात ९५ लाच वर गेले होते. म्हणजे इथवर बरोबरी. फरक पडतो तो यानंतर. वर्गाचा हा गोंधळ मी प्राध्यापकांच्या कानावर घातला. पेपर तेच काढतात, त्यामुळे त्या सत्राच्या परीक्षेत हेच गणित वेगळ्या आजाराचं रूप घेऊन आलं. भाचीच्या मॅडमना हीच गोष्ट करावीशी वाटली तरी त्या करू शकत नाहीत, कारण त्यांच्या वर्गाचा पेपर त्या काढतच नाहीत. तो विद्यापीठाकडून येतो, शेकडो महाविद्यालयांना एकच, आणि तपासतो कुणी तिसराच, हातात छापील मॉडेल आन्सर घेऊन.

माझ्या मते घोडं पेंड खातं ते इथे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं, आणि तेव्हाचं लंडन विद्यापीठ ही मुळात परीक्षा घेऊन पदव्या देणारी संस्था होती. लंडनने १९०० च्या सुमारास शिकवण्याचं काम अंगावर घेतलं. आपल्याकडे १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना शिकवायची मुभा दिली खरी, पण बहुसंख्य मुलं आजही संलग्न महाविद्यालयांतच शिकतात आणि विद्यापीठाचा संबंध येतो तो मुख्यतः परीक्षा आणि निकालापुरता. इतक्या जणांना एकच पेपर द्यायचा म्हटलं की प्रश्न अंदाजात बसणारे काढावेच लागतात. 'व्याख्या द्या', 'फरक स्पष्ट करा', 'टिपा लिहा'. अनोखा प्रश्न आला की 'सिलॅबसबाहेरचा' म्हणून मोर्चा निघतो, आणि मोर्चेकऱ्यांचं पूर्ण चुकतं असंही नाही. ज्या मास्तरने तसं शिकवलंच नाही, त्याच्या मुलांनी का भोगावं? मग त्या अंदाजावर गाईडवाल्यांचा धंदा उभा राहतो, क्लासवाल्यांचा उभा राहतो, आणि आपण मुलांना घोकंपट्टीबद्दल बोल लावतो.

२०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका एकदम संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल रखडले, शेवटी कुलगुरूंना पद गमवावं लागलं. तेव्हा सगळी चर्चा झाली ती कंत्राटाची आणि सॉफ्टवेअरची. एवढा ढीग एकाच जागी का जमतो, हे कुणी फारसं विचारलं नाही.

प्रश्न बदलायला फार काही लागत नाही. मानसशास्त्रात 'ऋण प्रबलन म्हणजे काय' असं विचारण्याऐवजी विचारा : सीटबेल्ट लावेपर्यंत गाडी किणकिणत राहते आणि लावला की थांबते, ही शिक्षा की ऋण प्रबलन? त्रासदायक आवाज बंद होतो म्हणून बेल्ट लावण्याची सवय पक्की होते, म्हणून ऋण प्रबलन. व्याख्या घडाघडा म्हणणारी निम्मी मुलं इथे 'शिक्षा' लिहितात, जर्मनही. व्यवस्थापनात ना नफा-ना तोटा बिंदू काढायला लावता, तर पुढे एवढंच विचारा की भाडं दुप्पट झालं तर हा धंदा चालवायचा की गुंडाळायचा.

अर्थशास्त्रातलं उदाहरण मला सर्वांत आवडतं, कारण त्यात मास्तरांचीच फजिती आहे. तुमच्याकडे एका मैफलीचं फुकट तिकीट आहे, आणि ते विकता येत नाही. त्याच रात्री दुसरीही मैफल आहे, तिचं तिकीट ४० डॉलर. त्या दुसऱ्या मैफलीसाठी तुम्ही एरवी ५० डॉलरपर्यंत मोजायला तयार असता. पहिल्या मैफलीला गेलात तर संधीव्यय, म्हणजे सोडून दिलेल्या पर्यायातला हुकलेला निव्वळ फायदा, किती? पर्याय चार : ०, १०, ४०, ५०. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांच्या २००५ च्या वार्षिक अधिवेशनात हा प्रश्न १९९ जणांपुढे ठेवला. बरोबर उत्तर दिलं २१.६ टक्के लोकांनी. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी २५ टक्के आले असते. उत्तर १० आहे. ५० डॉलरचा आनंद हुकला, पण त्यासाठी लागणारे ४० खिशातच राहिले. पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रकरणातली ही संकल्पना. तेव्हा 'तिकडे समजून शिकतात' हे जरा जपून म्हणावं.

आणि आपली मुलं? अमेरिकेत चेग नावाची कंपनी आहे. वर्गणी भरायची, गृहपाठातला प्रश्न टाकायचा, थोड्या वेळात पायरी-पायरीने उत्तर हजर. २०२१ च्या सुरुवातीला तिच्याकडे ७० हजारांहून अधिक तज्ज्ञ असल्याचं प्रसिद्ध झालं होतं, आणि ते बहुतांशी भारतातले. म्हणजे तिकडच्या, 'समजून' शिकणाऱ्या पोरांचे फिजिक्सचे, अकाउंट्सचे, स्टॅटिस्टिक्सचे गृहपाठ आपली घोकंपट्टीवाली मुलं सोडवून देत होती. मे २०२३ मध्ये चॅटजीपीटीचा फटका बसतोय हे कंपनीनेच कबूल केलं आणि तिचा शेअर एका दिवसात जवळपास निम्म्यावर आला. आता उत्तर सगळ्यांनाच फुकट मिळतं. माझ्या ओळखीतले काही प्राध्यापक यावर जुनाच उपाय करतात : मुलाने कोणती गणितं सोडवलीत त्यावर खूण करायची, आणि नाव पुकारलं की फळ्यापाशी येऊन ते समजावून सांगायचं. आपल्याकडची व्हायवा, पण दर आठवड्याची, आणि एक्स्टर्नलच्या चहापाण्याची धावपळ नसलेली.

जुने पेपर सोडवण्याबद्दल मात्र आपल्याकडे उगाच नाकं मुरडतात. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, पुन्हा न वाचता आठवून लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. मागच्या पाच वर्षांचे पेपर कोऱ्या कागदावर सोडवा, जरूर सोडवा. सोडवलेले पेपर वाचत बसणं हा वेगळा उद्योग आहे.

जर्मन पद्धत उचलून आणा, असं मी सुचवत नाही. ज्याने शिकवायचं त्यानेच पेपर काढायचा आणि त्यानेच तपासायचा, यात प्राध्यापकाच्या हाती भलतीच सत्ता जाते. त्यात इथे एका विषयाला साधारणपणे तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालात की त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही. भारतातून येणारी मुलं आज इथल्या परदेशी विद्यार्थ्यांतला सर्वांत मोठा गट आहेत. केटी काढू कधीतरी, या हिशेबाने आलेली काही जण पहिल्याच वर्षी हादरतात. आपली एटीकेटी कितीही चेष्टेचा विषय असली तरी तिच्यात माणुसकी आहे. आणि एकाच, नाव झाकलेल्या पेपरात खेड्यातल्या मुलीला शहरातल्या मुलाइतकेच गुण मिळू शकतात, ही गोष्टही सोडून देण्यासारखी नाही.

मला इथून न्यावंसं वाटतं ते निराळं आहे. निकालानंतर एक दिवस ठरलेला असतो. मूल येतं, स्वतःचा तपासलेला पेपर हातात घेतं, ज्याने तपासला तो समोर बसलेला असतो. 'इथे दोन गुण का कापले?' असं विचारता येतं, उत्तर मिळतं, कधी गुण वाढतात. भारतात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती अधिकाराखाली स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. पण व्यवहारात तो अर्ज, शुल्क, झेरॉक्स आणि रिव्हॅल्युएशन एवढ्यावर येऊन थांबतो. चूक काय झाली हे सांगणारा माणूस भेटत नाही.

हे करायला जागा आहे, ती अंतर्गत गुणांची. ते आपल्याच शिक्षकाच्या हातात असतात, आणि आज अनेक ठिकाणी असाइनमेंट सब्मिट केली की मिळतात. शेजारचं कॉलेज सढळ हाताने देतं, मग आपल्या मुलांचं नुकसान कशाला? तेवढ्या गुणांचा तरी खरा पेपर त्या मास्तरने काढावा आणि तपासून मुलापुढे ठेवावा, असं मी ग्रुपवर लिहिलं.

त्यावर माझ्या एका मावसभावाचा निरोप आला. तो तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, कॉमर्स शिकवतो. "दादा, मला पैसे तासाचे मिळतात. पेपर काढायचा तास, तपासायचा तास, मुलांशी बोलायचा तास त्यात धरत नाहीत. आणि अवघड पेपर काढून निम्मी मुलं नापास झाली तर पुढच्या वर्षी मला बोलावणार कोण?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझंही कंत्राट मुदतीचंच आहे. २००७ च्या कायद्याने इथल्या संशोधक-शिक्षकांना अशा कंत्राटावर किती वर्षं राहता येईल याची मर्यादा घालून ठेवली आहे आणि २०२१ मध्ये त्याविरुद्ध समाजमाध्यमांवर मोठी ओरड झाली. पण मला पेपर काढावा लागत नाही. तो काढणारा प्राध्यापक कायम नोकरीत आहे, निम्मा वर्ग नापास झाला तरी त्याचं काही बिघडत नाही. महाराष्ट्रात प्राध्यापकांची पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवून सीएचबीवर वेळ मारून नेतात, हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक आहे. तरी भावाच्या निरोपावर दोन अंगठे आले, आणि संध्याकाळी पुन्हा पदवी तीन वर्षांची की चार हे सुरू झालं.