ग्रीक सन्मानलेखांचे मूळ दगड जपायलाच हवेत

प्राचीन ग्रीक सन्मानलेखांविषयी, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या गौरवार्थ दगडावर कोरलेल्या लेखांविषयी, एक युक्तिवाद सध्या बराच पसरला आहे. हे लेख म्हणजे एकाच साच्यातील स्तुती, त्यांचे पाठ बहुतेक छापून झालेले आहेत, उरलेल्यांची त्रिमितीय प्रतिमा घेतली की काम संपले, आणि संगमरवर मुळातच टिकाऊ असल्यामुळे दगडांवर वेगळा खर्च करण्याचे कारण नाही, असे त्यात म्हटले जाते. यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही.

साचा असतो, हे मान्य. अमुक व्यक्तीने नगराचे हित केले, म्हणून तिची प्रशंसा करावी, तिला सुवर्णमुकुट द्यावा आणि हा ठराव शिळेवर कोरून उभा करावा, असा क्रम अथेन्सच्या असंख्य ठरावांत आढळतो. परंतु व्यक्तीने नेमके काय केले हे सांगणारा भाग साच्यातून येत नाही. १९७१ मध्ये अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, स्फेटोस गावच्या कॅलिअसचा, इ.स.पू. २७० च्या सुमाराचा सन्मानलेख सापडला. मॅसिडोनियाच्या राजघराण्यातील राजा डीमेट्रिअसविरुद्ध अथेन्सने उठाव केला तेव्हा कॅलिअस अँड्रोस बेटावरून १,००० निवडक सैनिक घेऊन आला आणि शेतातले धान्य शहरात पोहोचेपर्यंत त्याने त्याचे रक्षण केले, असे त्यात सविस्तर नोंदले आहे. या एका शिळेमुळे त्या उठावाचा कालक्रम अभ्यासकांना नव्याने मांडावा लागला. हे सारे ज्या लेखातून कळले, त्याला पोकळ स्तुती म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

कॅलिअसचा भाऊ फाइद्रोस याच्या सन्मानलेखातील काही ओळी तर जाणूनबुजून छिन्नीने खरवडलेल्या आहेत, कारण इ.स.पू. २०० मध्ये अथेन्सने मॅसिडोनियाच्या राजघराण्याचे सन्मान पुसून टाकण्याचे ठरवले होते. छापील पाठात या जागी कंस दिसतो. खरवड किती खोल गेली आणि तिच्याखाली अक्षरांचा काही मागमूस उरला आहे का, हे मात्र दगडासमोर बसूनच ठरवावे लागते.

छापील पाठ पुरेसा आहे, असे मानणाऱ्यांनी त्या पाठांची रीतही पाहावी. १९३१ मध्ये लायडेन येथे ठरलेल्या संकेतांनुसार संशयास्पद अक्षराखाली टिंब येते आणि संपादकाने अंदाजाने भरलेला मजकूर चौकोनी कंसात येतो. आपले वाचन कुठे डळमळीत आहे, हे संपादक स्वतःच सांगत असतो. अथेन्स आणि सिसिलीतील सेगेस्टा हे नगर यांच्यातील कराराचा लेख सन्मानलेख नाही, पण इथे तो सांगण्याजोगा आहे. अथेन्समध्ये वर्ष त्या वर्षीच्या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाई. या लेखातील अशा झिजलेल्या नावाची काही अक्षरे कशी वाचायची यावर लेख इ.स.पू. ४५८/७ चा की ४१८/७ चा हे अवलंबून होते, आणि १९९० मध्ये मूळ शिळेचीच लेझर किरणांनी तपासणी करून अभ्यासकांनी नंतरच्या वर्षाच्या बाजूने पुरावा मांडला. दगड नसता तर जुन्या नकलांवरच वाद चालू राहिला असता. अठराव्या शतकात मिशेल फुरमाँ या फ्रेंच अभ्यासकाने ग्रीसमधून आणलेल्या नकलांपैकी काही लेख बनावट असल्याचे पुढे जर्मन अभ्यासक ऑगस्ट ब्योखने दाखवून दिले. त्याच फुरमाँने स्पार्टाचे अवशेष आपण नष्ट केल्याची बढाईही मारली होती. मूळ लेख हाताशी नसला की खोटी नक्कल उघडी पाडणे किती जड जाते, हे त्यावरून कळते.

त्रिमितीय प्रतिमा, तिरप्या प्रकाशातील छायाचित्रे आणि ओला कागद ब्रशने ठोकून घेतलेले ठसे (आपल्याकडे ठशासाठी शाई वापरतात, तिथे ती लागत नाही) यांचे मोल मी कमी लेखत नाही. काही जुन्या ठशांत आज दगडावरून झिजून गेलेली अक्षरे शाबूत आहेत. पण कोणतीही नोंद त्या वेळी सुचलेल्या प्रश्नांपुरतीच असते. लेख पुतळ्याच्या चौथऱ्यावर असेल आणि फक्त लेखाची बाजू टिपली, तर चौथऱ्याच्या माथ्यावरचे खाचे सुटतात, आणि पुतळा ब्राँझचा होता की संगमरवरी, त्याचे पाय कसे होते, हे त्या खाचांवरूनच कळते. ग्रीसमधील ओरोपोस येथील अँफिआराओस या पूज्य वीराच्या तीर्थक्षेत्रात जुन्या ग्रीक पुतळ्यांचे चौथरे पुढे सुल्ला, अग्रिप्पा अशा रोमनांच्या सन्मानासाठी पुन्हा वापरले गेले. तिथे दोन काळांचे लेख आणि माथ्यावरचे खाचे एकत्र वाचावे लागतात. अक्षरांतील लाल रंगाचे कण आणि संगमरवराची खाण ओळखण्यासाठी लागणारा नमुनाही प्रतिमेत मिळत नाही.

उरला टिकाऊपणाचा मुद्दा. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हवेतील सल्फर डायऑक्साइड आणि ओलावा यांमुळे त्याच्या पृष्ठभागाचे जिप्सम होते आणि ते निघताना अक्षरांच्या कडाही घेऊन जाते. दगडफूल भेगांत शिरते, क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन पापुद्रे काढतात, आणि जुन्या दुरुस्तीतले लोखंडी सांधे गंजून फुगले की दगड तडकतो. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू घासणे किंवा आम्लाने शिळा धुणे हे याहून वाईट, कारण ते अभ्यासाच्या नावाखाली केले जाते. डोक्यावर छप्पर, पायथ्याशी पाण्याचा निचरा, लोखंडाऐवजी टायटॅनियमचे सांधे आणि काही वर्षांनी त्याच कोनातून पुन्हा घेतलेले छायाचित्र, ज्यावरून झीज मोजता येते: जतनाची सुरुवात इथून करता येते आणि नोंदीचे काम त्याच्याच बरोबरीने चालायला हवे.