जीएसटीवाला कसा शोधावा

बेळगावात धंदा करतोय म्हणजे जीएसटीवाला शोधणं लई सोपं. डिग्री-बिग्री विचारू नका, राग येतो त्यांना. झेरॉक्स, पॅनकार्ड, लोन, लाइट बिल आणि जीएसटी, सगळं एकाच बोर्डावर दिसलं की शिरा आत.

पावती मागू नका.

रजिस्ट्रेशनला मोबाईल नंबर त्याचाच द्या, ईमेल पण त्याचाच. ओटीपी घेऊन आपण काय लोणचं घालणार? रिटर्नची 20 तारीख उलटल्यावर फोन केला की "रिटर्न कवाच भरलोय की हो" असं इतकं गोड ऐकायला मिळतं, त्यापुढं दिवसाला 50 रुपये लेट फी म्हणजे काहीच नाही.

माल महाराष्ट्रात जातो हे तर त्याला सांगूच नका. आम्ही वडगावात साड्या विणून घेतो, एक गिऱ्हाईक शिनोळीचं, एक गडहिंग्लजचं. आमच्या जीएसटीवाल्या साहेबांनी वर्षभर त्या बिलांवर सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विकल्यावरचा कर, भरला. 2004 पासून सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात पडलाय, ह्यांनी खुर्चीत बसून गडहिंग्लज कर्नाटकात घातलं! अरे आमचा जीएसटी नंबर 29 नं सुरू होतो, त्यांचा 27 नं, राज्यं दोन म्हणजे आयजीएसटी, एवढं बघायला काय भिंग लागतं काय? गिऱ्हाइकांना क्रेडिट, म्हणजे ह्या कराची वजावट, मिळेना, त्यांनी आमचं पेमेंट अडवलं, आता पहिला आयजीएसटी आम्ही खिशातनं भरायचा आणि चुकून भरलेला परत मागायला अर्ज करायचा. त्या आयजीएसटीवर व्याज लागत नाही, तेवढीच सरकारची मेहरबानी.

नोटीस आली तर घाबरू नका, दिसणारच नाही तुम्हाला.

चेष्टा पुरे. चूक माझीच, मेव्हण्याच्या ओळखीचा म्हणून पासवर्ड देऊन मोकळा झालो. तुम्ही तरी शाणे व्हा की! सीए असला तर मेंबरशिप नंबर विचारा, नसला तर पोर्टलवर जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नाव आहे का बघा, फुकट आहे ते. शिनोळीचं बिल कसं करायचं एवढं एकच विचारा, अडखळला की उठा. आणि मोबाईल नंबर स्वतःचा घाला रे! तो बदलून घ्यायला मी आधार, पॅन, सगळी कागदं घेऊन टॅक्स ऑफिसला तीन खेपा घातल्या, तीनदा तेच, "नाळे बर्री", उद्या या.

आणि जीएसटीवाल्या दादा, तू हे वाचत असलास तर लग्नातनं जरा बाहेर ये. सकाळपासून चार ओटीपी आलेत तुझ्या फोनवर, एक तरी वेळेत पाठव.