‘जीपीएस आलं, मग पक्ष्याच्या पायात घुंगरू कशाला?’ या प्रश्नाला उत्तर

पायात घुंगरू बांधलेल्या, शिकारीसाठी पाळलेल्या पक्ष्यांचे परदेशातले व्हिडिओ आपल्याकडे फिरू लागले आणि त्यांच्या शेपटाला धरून एक मजकूरही फिरू लागला. तो इतक्या वेळा पुढे ढकलला गेलाय की लोक आता त्याला माहिती समजतात. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : घुंगरू ही राजेरजवाड्यांची हौस, उपयोग शून्य. उलट आवाजाने सावज सावध होतं. आता पक्षी कुठे आहे ते दाखवणारे जीपीएस ट्रान्समीटर आहेत, त्यामुळे घुंगराचं काम संपलं. ट्रान्समीटरचं वजन पक्ष्याच्या ५ टक्क्यांच्या आत असलं की त्याला तो जाणवतही नाही. अमूर ससाणा नाही का तो पाठीवर घेऊन आफ्रिकेत जात? तेव्हा आपल्याकडेही शिकऱ्याला (हा आपला छोटा शिकारी पक्षी) ट्रान्समीटर लावून उडवायला काय हरकत आहे?

मोठ्या बहिरी ससाण्याबद्दल यातलं थोडंफार खपून जाईल. लहान पक्ष्यांबद्दल मात्र हा मजकूर जवळजवळ सगळाच चुकतो. लहान म्हणजे किती, तर अमेरिकेत चिमण्या आणि स्टार्लिंग (साळुंकीच्या कुळातला पक्षी) यांच्यावर उडवला जाणारा नर केस्ट्रेल, हा एक छोटा ससाणा, साधारण १०० ग्रॅमचा. इंग्लंड-आयर्लंडमधला नर स्पॅरोहॉक, आपल्या शिकऱ्याचा भाऊबंद, दीडशेच्या आसपास. नर मर्लिन, हाही छोटा ससाणाच, तेवढाच. यांचे पालक, म्हणजे यांना पाळून शिकार करवणारे लोक, रोज सकाळी पक्षी तराजूवर ठेवतात आणि दोन-चार ग्रॅमचा फरक दिसला तर उडवायचा की नाही याचा विचार करतात. त्या तराजूवरूनच हा विषय पाहायला हवा.

आधी हौसेचं. घुंगरू असतं ते आडोशाला गेलेला पक्षी आवाजावरून सापडावा म्हणून. १४८६ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या शिकारीच्या एका पुस्तकात पक्ष्याच्या घुंगरांबद्दल अगदी काटेकोर सूचना आहेत. दोन्ही घुंगरं एका सुराची नकोत, एक दुसऱ्यापेक्षा अर्ध्या सुराने खाली हवं, आवाज खणखणीत हवा, आणि मिलानची घुंगरं नावाजलेली. शोभेच्या वस्तूसाठी कुणी अर्ध्या सुराची उठाठेव करत नाही. एकमेकांना खेटून असलेले दोन सूर एकत्र वाजले की ते कानाला टोचतात, आणि वाऱ्यात, पाचोळ्याच्या सळसळीतही वेगळे ऐकू येतात. पुढे लाहोरची पितळी घुंगरं युरोपातल्या पक्षीपालकांपर्यंत पोचली आणि अजूनही लोक ती नावाने मागतात. ती नक्षीसाठी मागत नाहीत, आवाजासाठी मागतात.

घुंगरू कुठे बांधायचं यामागेही निरीक्षण आहे. ससाणे बसल्या जागी पाय हलवतात, मान खाजवतात, म्हणून त्यांचं घुंगरू पायात. बाज आणि त्याच्या जातकुळीतले आखूड पंखांचे पक्षी फांदीवर बसले की शेपूट झटकतात, म्हणून त्यांना बरेचदा शेपटीच्या मुळाशी, मधल्या दोन पिसांवर एक चकती बसवून तिच्यावर घुंगरू बांधतात. पक्षी गप्प बसलेला असला तरी घुंगरू बोलतं. पायातलं घुंगरू बांधायला चामड्याची एक अरुंद पट्टी लागते. ती घुंगराच्या कडीतून ओवायची, पायाभोवती घ्यायची आणि तिचं टोक तिच्याच चिरेतून ओढून अडकवायचं. गाठ नाही, बक्कल नाही. स्पॅरोहॉकचा पाय आगपेटीच्या काडीसारखा बारीक असतो. पट्टी सैल राहिली तर मागचं बोट तिच्यात अडकतं, आवळली तर कातडी सोलवटते. हे काम करणाऱ्याचे हात पाहिले की ‘हौस’ हा शब्द तोंडातून निघणार नाही.

सावज सावध होतं, हा मुद्दा वरवर पटतो. पण पाळीव पक्ष्याची शिकार होते कशी ते पाहा. स्पॅरोहॉक पालकाच्या मुठीवर असतो. माणूस किंवा कुत्रा झुडूप हलवतो, त्यातून पाखरू उडतं, आणि मग पक्षी सुटतो. पाखरू आधीच जीव घेऊन पळतंय. दहा-पंधरा मीटरच्या त्या धावपळीत घुंगरू वाजलं म्हणून त्याला नवीन काही कळत नाही. मर्लिन चंडोलाचा पाठलाग उघड्या आभाळात करतो, तिथे दोघं एकमेकांना पहिल्यापासून दिसत असतात. ज्या शिकारीत पक्षी झाडावर दबा धरून बसतो तिथे काही पालक घुंगरू काढतात, आणि ते बरोबरच आहे. तो अपवाद आहे. मजकुराने त्याचा नियम केलाय.

आता जीपीएस. मोठ्या ससाण्यांसाठी सर्रास वापरले जाणारे जीपीएस ट्रान्समीटर दहा-पंधरा ग्रॅमच्या घरात असतात. १०० ग्रॅमच्या केस्ट्रेलवर ते लादण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून लहान पक्ष्यांना बहुतेक वेळा साधा रेडिओ ट्रान्समीटर लावतात : तीन-चार ग्रॅमचा, घड्याळात घालतात तसल्या सेलवर चालणारा, मागे केसासारखी तार. तो आपला ठावठिकाणा सांगत नाही, फक्त टिक टिक करत राहतो. पालक हातातला अँटेना फिरवून आवाज कुठल्या दिशेला मोठा येतो ते पाहत चालत जातो. टेकडी, तारेचं कुंपण, इमारत यांच्यावर आदळून सिग्नल परत येतो आणि भलत्याच दिशेला पळवतो. पक्षी खोलगट जागी जमिनीवर उतरला की सिग्नलची पोहोच एकदम घटते.

आणि खरी गंमत जवळ गेल्यावर आहे. पक्ष्यापासून काही मीटरवर पोचलात की सिग्नल इतका जोरात येतो की सगळ्या दिशांनी सारखाच वाटतो. रिसीव्हरची संवेदनशीलता उतरवत उतरवत जावं लागतं, तरी शेवटचे पाच-दहा मीटर अंदाजाचेच. अगदी जीपीएस असतं तरी त्याचा नकाशावरचा ठिपका काही मीटर इकडेतिकडे असतो, आणि दाट काटेरी कुंपणात काही मीटर म्हणजे पुष्कळ झाले. तिथे पंख पसरून, सावज झाकून बसलेला करड्या पट्ट्यांचा पक्षी हातभर अंतरावरूनही दिसत नाही. केस्ट्रेल आणि मर्लिनना तर पकडलेलं पाखरू उचलून आडोशाला नेण्याची खोडच असते. अशा वेळी पक्षी सावजाची पिसं उपटायला लागतो आणि प्रत्येक हिसक्याला घुंगरू वाजतं. माणूस थबकतो, कान देतो, आणि बरोबर त्या फांदीखाली हात घालतो. ट्रान्समीटर त्याला शेतापर्यंत आणतो, घुंगरू पक्ष्यापर्यंत.

उलट बाजूनेही हेच खरं. घुंगरू वाऱ्यात विरतं, पक्षी दोन शेतं ओलांडून गेला की त्याचा उपयोग संपतो. पायात चामड्याच्या वाद्या (त्याला मुठीवर धरून ठेवायच्या पट्ट्या) असलेला पक्षी हरवणं म्हणजे तो कुठेतरी काट्यात किंवा तारेत अडकून उलटा लटकण्याची भीती. म्हणून नुसत्या घुंगरावर लहान पक्षी सोडणाऱ्यांचंही मी समर्थन करणार नाही. दोन्ही हवीत. प्रश्न येतो तो वजनाचा.

५ टक्क्यांच्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण ती शास्त्राच्या आवाजात सांगितली जाते. हा संशोधकांनी कामचलाऊ म्हणून धरलेला ठोकताळा आहे, सुरक्षिततेची हमी नाही. २००३ मध्ये अल्बट्रॉस आणि पेट्रेल या समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासांवरून ३ टक्क्यांच्या पुढेच अडचणी दिसू लागतात असं मांडलं गेलं, आणि पुष्कळांनी मर्यादा तिथे आणली. २०२१ च्या एका अभ्यासाने त्याहून मूलभूत गोष्ट दाखवली : वजन स्थिर असतं, पण धावताना-वळताना त्याचा झटका वाढतो. प्राण्याच्या वजनाच्या ३ टक्के असलेल्या, ट्रान्समीटरसारखं उपकरण बसवलेल्या गळपट्ट्याचा जोर शिकार करणाऱ्या चित्त्यात शरीराच्या वजनाच्या ५४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. आता स्पॅरोहॉक आठवा. झाडांमधून जीव तोडून उडणारा, क्षणात आडवा होणारा, पूर्ण वेगात ब्रेक मारणारा. त्याला जाणवत नाही?

शिवाय लोक मोजतात फक्त ट्रान्समीटर. समजा १०० ग्रॅमचा केस्ट्रेल आहे. ४ ग्रॅमचा ट्रान्समीटर, दोन घुंगरं मिळून २ ग्रॅम, पायातले चामड्याचे पट्टे आणि वाद्या २ ग्रॅम. झाले ८ टक्के, आणि कागदावर मात्र ‘५ च्या आत’. जाणता पालक इथेच कात्री चालवतो : दोनऐवजी एकच घुंगरू, वाद्या अगदी हलक्या, ट्रान्समीटर उडवण्याआधी लावायचा आणि परत आला की लगेच काढायचा.

तो कुठे लावायचा हाही वजनाचाच भाग आहे. पायात लावला तर झडप घालताना तो लोंबकळतो आणि पक्षी तार चावतो. पाठीवर लावला तर भार शरीराच्या मध्याजवळ राहतो, पण पट्टे काटेरी झुडपात अडकू शकतात. शेपटीच्या मधल्या पिसाच्या दांड्यावर छोटी क्लिप बसवली तर पक्षी मोकळा राहतो आणि पिसं झडताना क्लिपही गळून पडते. मात्र ते पीस पूर्ण वाढलेलं हवं. रक्त भरलेल्या कोवळ्या पिसावर क्लिप दाबली तर पीस मुळापासून उपटून येऊ शकतं आणि तिथे पुन्हा नीट पीस उगवेलच असं नाही.

अमूर ससाण्याचा दाखला इथे चुकीचाच आहे. २०१३ मध्ये नागालँडात तीन अमूरांना ५ ग्रॅमचे, सौरऊर्जेवर चालणारे उपग्रह ट्रान्समीटर लावले गेले, त्यांचे प्रवास आपण सगळ्यांनी कौतुकाने पाहिले. लोणावळ्याला नोव्हेंबर-डिसेंबरात अमूर पाहायला जाणाऱ्यांना त्या माहितीचं मोल सांगायला नको. पण तो पक्षी वाळवी खाऊन, अंगावर चरबी चढवून, अनुकूल वाऱ्यावर एका लयीत उडतो. पाळीव शिकारी पक्षी मुद्दाम सडसडीत वजनावर ठेवलेला असतो आणि दिवसातून अनेकदा झेपावतो. अमूर समुद्र पार करतो यावरून एवढंच कळतं की ते ओझं त्याला पेलतं. आणि पेलणाऱ्यालाही ओझं जाणवत असतंच.

राहिला आपला शिकरा. जिथे हे पक्षी कायद्याने पाळता येतात तिथली ही सगळी चर्चा आहे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली शिकरा पकडणं, बाळगणं, त्याच्याकडून शिकार करवून घेणं हे सगळे गुन्हे आहेत. ट्रान्समीटर लावणारे संशोधकसुद्धा सरकारी परवानगीशिवाय पक्ष्याला हात लावू शकत नाहीत. मजकुरातल्या त्या शेवटच्या वाक्यावर विसंबून कुणी घरट्यातून पिल्लू उतरवलं, तर त्याच्या पायात काय बांधलंय याने काडीचा फरक पडत नाही. असा पक्षी कुणाच्या हातावर दिसला, तर व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.