फ्लॉरेन्सला अर्धा दिवस देणाऱ्या टूरवाल्यांनो, काय राव!

युरोप टूरचे प्लॅन बघितले की माझं डोकंच फिरतं. सकाळी पिसाला मनोऱ्याला हात टेकवल्याचा फोटो, दुपारी फ्लॉरेन्समध्ये गाईडच्या छत्रीमागे पळापळ, रात्री हॉटेलवर पनीर, उद्या व्हेनिस. आणि परत आल्यावर लोक म्हणतात काय, तर इटलीतली सगळी चर्च सारखीच हो. दिसणारच ना सारखी, वीस वीस मिनिटं दिलीत तर!

डुओमोचा, म्हणजे फ्लॉरेन्सच्या मुख्य कॅथेड्रलचा, तो लाल घुमट खालून बघून निघू नका, गुडघे धड असतील तर चढाच. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. गंमत अशी की हे एकात एक असे दोन घुमट आहेत आणि जिना त्यांच्या मधल्या फटीतून जातो, त्यामुळे आपण अंग चोरून, पुढच्याच्या टाचा बघत, घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीच्या विटांना खांदा घासत वर जातो. १४२० ला काम सुरू केलं, १४३६ ला घुमट पुरा, आणि एवढ्या मोठ्या घुमटाला खालून लाकडी सांगाड्याचा आधार न देता! हे पुस्तकात वाचून कळत नाही, तिथे धाप लागल्यावर कळतं. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडचं म्हणाल तर चौकातला पुतळा कॉपी आहे, मूळ पुतळा १८७३ साली अकादेमिया या म्युझियममध्ये हलवला, तिकीट आधीच काढून तो बघा. पोंते वेक्कियो या जुन्या पुलावर सोन्याची दुकानं आणि गर्दी, मला तरी लांबूनच बरा वाटला.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. याच शहरात आपल्या कोल्हापूरच्या महाराजांचं स्मारक आहे आणि आपल्यातले निम्म्याहून जास्त लोक ते न बघताच परत येतात! छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे दुसरे राजाराम, शाहू महाराजांच्या आधीचे. वय अवघं वीस. १८७० मध्ये इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, रोजची डायरी इंग्रजीत लिहीत होते (ती पुढे छापलीही गेली), आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती बरं का. दहन तिथे कोणी बघितलेलंही नसणार, पण खास परवानगी मिळाली आणि शहराच्या टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, अग्नी दिला. आपल्याकडे संगमावर देतात तसा, परक्या मुलखात, आणि बघायला गावातली माणसं जमलेली. मला तर वाचतानाच कसंतरी झालं होतं.

१८७४ साली तिथे छत्री उभारली, आत महाराजांचा अर्धपुतळा. डिझाईन मेजर मँटचं, ज्याने नंतर कोल्हापूरचा न्यू पॅलेस केला तोच. शेजारून जाणारा १९७८ चा मोठा केबलचा पूलसुद्धा तिथले लोक 'इंदियानो'च्या, म्हणजे 'भारतीया'च्या, नावानेच ओळखतात, म्हणजे इटालियन ट्रकवाला रोज आपल्या महाराजांच्या आठवणीवरून जातो आणि आपण मात्र चामड्याच्या बॅगांचे भाव करत मार्केटात!

जायचं कसं, तर जागा कासिने पार्कच्या पार पश्चिम टोकाला आहे. ट्रामने पार्कपर्यंत जा, पुढे नदीकाठाने सावलीतून बरंच चालायचंय, सायकल मिळाली तर उत्तमच. मंगळवारी सकाळी याच पार्कात मोठा बाजार भरतो, कपडे, चीज, भाजी सगळं, तो जाताजाता होतो. अंधार पडायच्या आत परत फिरा, तिकडे वर्दळ कमी असते. ग्रुपबरोबर असाल तर 'शॉपिंगसाठी फ्री टाइम' लिहिलेला असतोच, तो इकडे वापरा, आणि टूर मॅनेजर नको म्हणाला तर निदान पुढच्या ग्रुपसाठी प्लॅनमध्ये घाला म्हणून त्याच्या मागे लागा, कोल्हापूरकरांनी तर जरा जास्तच लागा!